शेजाऱ्यांची सावड

मनुष्य म्हातारा झाला म्हणजे त्याचे राहते घर त्याला पूर्वीपेक्षा मोठे वाटू लागते. भिंती होत्या तेथेच असतात. परंतु स्वयंपाकघरापासून दारापर्यंतचे अंतर वाढल्यासारखे होते, फळीवरचा डबा अधिक उंच जातो, आणि ज्या पाच पायऱ्या चाळीस वर्षे कधी मोजल्या नव्हत्या त्या एकेक करून मोजाव्या लागतात. यात कल्पनेचा भाग थोडा आणि शरीरधर्माचा भाग अधिक आहे. चाळिशीच्या सुमारास स्नायूंचे बळ कमी होऊ लागते आणि साठीनंतर ते अधिक वेगाने उतरते. हाताची पकड सैल पडते; त्यामुळे लोणच्याच्या बरणीचे घट्ट बसलेले झाकण निघत नाही. डोळ्याची बाहुली लहान होते, आतले भिंग पिवळसर होते, आणि डोळ्याच्या आत पोहोचणारा प्रकाश तरुणपणाच्या मानाने फारच कमी होतो. म्हणून आजोबा भर दुपारीसुद्धा वर्तमानपत्र घेऊन खिडकीशी जाऊन बसतात. शरीराचा तोल सांभाळण्याची शक्तीही मंदावते. तरुण माणसाचा पाय घसरला तर तो दुसऱ्या पावलाने स्वतःस सावरतो. वृद्ध माणसाचे ते दुसरे पाऊल क्षणभर उशिरा पडते.

हा क्षणभराचा उशीर फार महाग पडतो. छताचा दिवा गेला, तो बदलण्यासाठी स्टुलावर चढताना तोल गेला, खुब्याचे हाड मोडले, आणि कित्येक आठवड्यांच्या अंथरुणानंतर तो मनुष्य पुन्हा पहिल्यासारखा हिंडूफिरू शकला नाही, अशा हकीकती पुष्कळ घरांतून ऐकावयास मिळतात. मग त्याला आपले घर सोडून मुलाच्या गावी किंवा वृद्धाश्रमात जावे लागते. घर का सुटले, असे विचारल्यास लोक ‘म्हातारपणामुळे’ असे उत्तर देतील. खरे कारण पुष्कळदा तो दिवा असतो.

वृद्ध माणसांना घर सोडवत नाही, ते केवळ हट्टामुळे नव्हे. ज्या घरात आयुष्य गेले तेथे अंधारातही दिव्याच्या बटणावर हात बरोबर पडतो. कोपऱ्यावरच्या वाण्याला त्यांचा चहा कोणता हे ठाऊक असते. सकाळी आठ वाजून गेले तरी दार उघडले नाही, हे समोरच्या घरातील बाईंच्या ध्यानात येते. दुसऱ्या गावी जाताना कपाट नेता येते, देव नेता येतात; परंतु ओळखीपाळखीचे हे जाळे मात्र मागेच राहते. आणि उतारवयात नवे जाळे विणणे अवघड असते.

२०११ सालच्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठ वर्षांवरील स्त्रीपुरुषांची संख्या १० कोटींहून अधिक होती. म्हणजे दर शंभर माणसांत आठ ते नऊ माणसे साठी उलटलेली होती. आयुर्मान वाढत आहे, तसे हे प्रमाणही वाढत आहे. मुले नोकरीधंद्यासाठी दूरच्या शहरांत, कधी परदेशांत जातात. ती आईवडिलांना पैसे पाठवू शकतात, दररोज दूरध्वनीवरून बोलू शकतात. परंतु पुण्यात किंवा नागपुरात बसून नळाची गळती थांबवता येत नाही. हे काम शेजारीच करू शकतो.

मग शेजाऱ्याला सांगावे, त्यात अडचण ती काय? अडचण आहे, आणि ती शेजाऱ्याच्या मनात नसून सांगणाऱ्याच्या मनात आहे. ज्याने आयुष्यभर स्वतःच्या हिमतीवर संसार केला, त्याला दुसऱ्याकडे वारंवार काही मागणे जड जाते. पहिल्या वेळी तो मागतो. दुसऱ्या वेळी ‘तुम्हांला उगीच त्रास’ असे चार वेळा म्हणून मागतो. तिसऱ्या वेळी तो कोणालाच काही बोलत नाही, दार लावून घेतो आणि स्वतःच स्टुलावर चढतो. घेणाराच्या मनातील या अवघडलेपणाला मराठीत मिंधेपणा म्हणतात. वृद्धांना घरी सुखाने राहता यावे म्हणून जगात ज्या ज्या योजना निघाल्या, त्यांतील ज्यांनी या मिंधेपणाचा विचार केला त्या शहाण्या म्हटल्या पाहिजेत. बाकीच्या योजनांत साहाय्य करणारांचा उत्साह मोठा असतो; पण साहाय्य मागावयास फारसे कोणी येत नाही.

आपल्या शेतकऱ्यांना या दुखण्यावरचा उपाय फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ज्याच्याजवळ एकच बैल आहे त्याला औत धरता येत नाही. असे दोन शेतकरी एकत्र येतात, दोन बैलांची जोडी करतात, आज याचे शेत व उद्या त्याचे शेत नांगरतात. याला सावड म्हणतात. बैलांप्रमाणेच मनुष्यबळाचीही सावड करतात. आज तुमच्या खुरपणीला आम्ही, उद्या आमच्या खुरपणीला तुम्ही. इर्जिकीची रीत थोडी निराळी असते. तीत गावातील अनेक जण आपापली औते घेऊन एकाच्या शेतावर जातात, एका दिवसात त्याचे काम उरकतात, आणि तो त्यांना जेवू घालतो. सावडीत किंवा इर्जिकीत कोणी कोणाचा मिंधा होत नाही. घेणारा हा उद्याचा देणारा आहे, हे दोघांनाही पक्के ठाऊक असते.

परंतु सावडीला एक मर्यादा आहे. दोघांजवळ साधारण सारखीच वस्तू असावी लागते आणि फेड लौकर व्हावी लागते. ऐंशी वर्षांच्या आजीबाई शेजाऱ्याच्या नळाची दुरुस्ती करून परतफेड कशी करणार? आणि आज एखाद्या तरुणाने केलेल्या कष्टांची फेड त्याला आजच नको असेल, तीस वर्षांनी हवी असेल, तर ती कोण करणार? या दोन्ही प्रश्नांना उत्तर शोधण्याचा एक मोठा प्रयत्न जपानमध्ये झाला. तो कोणा अर्थशास्त्रज्ञाने केला नव्हता. शिवणकाम जाणणाऱ्या एका गृहिणीने केला होता.

तेरुको मिझुशिमा या बाईंचा जन्म १९२० साली ओसाका शहरात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी शहरांत अन्नाची भयंकर टंचाई होती. पैसे असूनही भाजी मिळत नसे. मिझुशिमाबाईंचे पती सैन्यात गेले होते आणि घरात तान्ही मुलगी होती. बाईंच्या हाती शिवणाची कला होती. त्या लोकांचे कपडे शिवून देत आणि त्यांच्या मोबदल्यात ताजी भाजी घेत. नाण्याची किंमत घसरत असता सुईची किंमत टिकून राहते, हा अनुभव त्यांनी त्या दिवसांत घेतला. अनेकांनी तो घेतला असेल. परंतु युद्ध संपल्यावर बहुतेक लोक असे अनुभव विसरून जातात. मिझुशिमाबाई विसरल्या नाहीत. मनुष्याचा वेळ व त्याचे श्रम यांची पेढी निघाली तर काय होईल, यावर त्यांनी विचार केला आणि १९५० साली एका वृत्तपत्रीय स्पर्धेसाठी त्या विषयावर निबंध लिहिला. त्या निबंधाला पारितोषिक मिळाले.

निबंधाला पारितोषिक मिळणे आणि निबंधातली गोष्ट प्रत्यक्षात उतरणे यांत पुष्कळ अंतर असते. येथे ते तेवीस वर्षांचे होते. १९७३ साली त्यांनी ओसाकात स्वयंसेवी श्रमपेढी स्थापन केली. पेढी म्हणजे तिजोरी व गजांची खिडकी असलेली इमारत नव्हे. एका वस्तीतील सभासदांचा एक गट म्हणजे एक शाखा. सभासद बहुतेक गृहिणी होत्या. एकीने दुसरीसाठी तासभर काम केले की तिच्या नावावर तेवढा वेळ जमा व्हावयाचा आणि दुसरीच्या नावावर तेवढा खर्ची पडावयाचा. पैशांची देवघेव अशी नव्हतीच. १९८३ सालापर्यंत या पेढीच्या २६२ शाखा झाल्या होत्या आणि सभासद ३,८०० हून अधिक होते. मिझुशिमाबाई १९९६ साली वारल्या.

या कल्पनेमागील त्यांची विचारसरणी समजून घेण्यासारखी आहे. मनुष्याच्या आयुष्यात कामाचा भार सर्वकाळ सारखा नसतो. मुले लहान असताना आईला दोन हात पुरत नाहीत. मुले मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागली की तिच्याजवळ वेळ उरतो आणि शरीरात बळही असते. पुढे म्हातारपणी वेळ भरपूर, पण बळ नाही, अशी स्थिती येते. तेव्हा मधल्या वयात उरलेला वेळ साठवून ठेवता आला आणि तो पुढे म्हातारपणी काढता आला, तर? धान्य कणगीत साठवतात, पाणी तळ्यात साठवतात. वेळ मात्र कशातच साठवता येत नाही. तो दुसऱ्या माणसाच्या उपयोगी पडला तरच त्याची नोंद राहू शकते. पुढे जपानमध्ये अशा प्रकारच्या आणखी संस्था निघाल्या. त्यांतील काहींत अशी सोय होती, की शहरात राहणाऱ्या मुलाने आपल्या शेजारच्या वृद्धाची सेवा करावी आणि मिळालेले तास दूरच्या गावी राहणाऱ्या आपल्या आईवडिलांच्या नावे द्यावेत. तेथील सभासद मग त्या आईवडिलांच्या घरी जाऊन तेवढे तास काम करी.

ही पेढी सावडीहून निराळी कशी, हे एका साध्या उदाहरणावरून कळेल. एका आळीत चार घरे आहेत असे समजा. पहिल्या घरातील आजीबाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्या रोज संध्याकाळी दुसऱ्या घरातील मुलाचे पाढे व वाचन घेतात. त्या मुलाचे वडील सुतारकाम जाणतात. ते तिसऱ्या घरातील आजोबांच्या न्हाणीघरात भिंतीला धरावयाचा दांडा बसवून देतात. ते आजोबा पूर्वी टपाल कचेरीत होते. चौथ्या घरातील बाईंना निवृत्तिवेतनाचे अर्ज भरता येत नाहीत, ते आजोबा भरून देतात. आणि चौथ्या घरातील बाई पहिल्या घरातील आजीबाईंना आठवड्याचा भाजीपाला आणून देतात. येथे कोणीही आपल्याला देणाराची थेट फेड केलेली नाही. तरीही चौघांचा हिशेब चुकता झाला. दोन टोकांच्या काठीऐवजी येथे वर्तुळ तयार झाले. आणि ध्यानात घेण्याची गोष्ट ही, की या वर्तुळातील ज्या दोघांना आपण ‘साहाय्याची गरज असलेले वृद्ध’ म्हणू, तेच दोघे शिकवण्याचे व लिहिण्याचे काम करीत आहेत. त्यांना वगळले तर वर्तुळ तुटते.

अशा पेढ्यांत बहुधा एक नियम असतो: कोणाचाही एक तास हा एकच तास. वैद्याचा तास व भाजी आणणाराचा तास यांत भेद करावयाचा नाही. बाजारात असे होत नाही आणि होणारही नाही. म्हणून या नियमावर आक्षेप घेतला जातो. परंतु एकाकीपणाने कंटाळलेल्या माणसाशी तासभर बोलत बसणे या कामाला बाजारात काय भाव आहे? काहीच नाही. ज्या कामांना बाजारात भाव नाही आणि ज्यांच्यावाचून माणसाचे चालत नाही, अशा कामांसाठीच ही पेढी असते.

‘शेजारधर्माचा असा हिशेब ठेवणे बरे का?’ असाही प्रश्न काही लोक विचारतात. आपली आजी वाटीभर पिठाचा हिशेब कधी ठेवीत नसे, असे ते म्हणतात. ते अगदीच खरे नाही. शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, तीत काहीतरी घालून द्यावे, ही जी जुनी चाल आहे तो हिशेबच होय. फक्त तो वहीत नसून मनात असे. ज्या आळीत चार पिढ्या एकमेकींना ओळखतात तेथे तो मनात राहू शकतो. ज्या इमारतीत समोरच्या दारावरचे नावसुद्धा वर्षात दोनदा बदलते तेथे वही लागते. आणि ही वही वसुलीसाठी नसते. मागणाराला मान वर करून मागता यावे, हा तिचा मुख्य उपयोग.

अमेरिकेतील एडगर कान या कायदेपंडितांना हीच गोष्ट अंथरुणावर पडून कळली. १९८० साली त्यांना हृदयविकाराचा झटका आला. तोपर्यंत ते गरिबांना कायद्याचे साहाय्य मिळवून देण्याच्या कार्यात आघाडीवर होते. आता रुग्णालयात इतर लोक त्यांची सेवा करीत आणि त्यांना पडून राहावे लागे. आपण कोणाच्याच उपयोगाचे राहिलो नाही, या जाणिवेने त्यांना फार अस्वस्थ केले; आणि त्याच अवस्थेत, निरुपयोगी ठरवलेल्या माणसांच्या वेळालाही नाण्यासारखी किंमत मिळावी, अशी योजना त्यांना सुचली. मिझुशिमाबाई स्वयंपाकघरातून त्याच ठिकाणी पोहोचल्या होत्या. कान यांच्या प्रयत्नांनी अमेरिकेत व पुढे इंग्लंडमध्ये अनेक वेळपेढ्या निघाल्या. ते २०२२ साली निवर्तले.

याच अमेरिकेत बॉस्टन शहरातील काही वृद्धांनी थोडी निराळी वाट काढली. बॉस्टनमध्ये बीकन हिल नावाची जुनी वस्ती आहे. टेकडीच्या माथ्याजवळ सोनेरी घुमटाचे राज्य विधानभवन आहे आणि उतारांवर विटांची अरुंद, उभी घरे दाटीने उभी आहेत. रस्त्यांत अजून गॅसचे दिवे आहेत. पदपथ विटांचे व उंचसखल असून हिवाळ्यात त्यांवर बर्फ साचते. पाहावयास ही वस्ती चित्रासारखी सुंदर. पण सत्तर वर्षांच्या माणसाने राहण्यासाठी इतकी गैरसोयीची जागा दुसरी शोधावी लागेल. १९९९ साली या वस्तीतील दहाबारा वयस्क स्त्रीपुरुष आपल्या पुढील आयुष्याचा विचार करण्यासाठी एकत्र जमू लागले. त्यांच्यापुढे नेहमीचे दोन मार्ग होते: वृद्धांच्या निवासात जाणे, किंवा दूर राहणाऱ्या मुलांकडे जाणे. दोन्ही मार्गांत जिने, बर्फ व उतार यांची कटकट नव्हती. तरीही दोन्ही मार्ग त्यांना नको होते. त्यांना बीकन हिलवरच राहावयाचे होते, आणि आपल्यासाठी काय करावयाचे ते दुसऱ्या कोणी ठरवावे, हेही त्यांना मान्य नव्हते.

त्यांनी संस्था स्थापन केली आणि २००२ सालापासून तिचे काम सुरू झाले. तिचे नाव त्यांनी ‘बीकन हिल व्हिलेज’, म्हणजे बीकन हिल गाव, असे ठेवले. भर शहरातील वस्तीला गाव म्हणण्यात गंमत आहे. पण गावात जे आपोआप घडते ते शहरात योजून घडवावे लागते, हे त्या नावातून नेमके कळते. पन्नाशी उलटलेल्या रहिवाशाने वार्षिक वर्गणी भरून सभासद व्हावयाचे. एक लहानशी कचेरी, थोडे पगारी नोकर आणि एक दूरध्वनी, एवढीच संस्थेची मालमत्ता. सभासदाला काही हवे असेल तर त्याने त्या एका क्रमांकावर सांगावयाचे. डॉक्टरांकडे सोबत पाहिजे, बाजारात जावयाचे आहे, माळ्यावरची पेटी खाली काढावयाची आहे, संगणक चालत नाही, परगावी जाताना मांजराला दूध कोण घालील, असे कोणतेही काम असो. काही कामे स्वयंसेवक करतात आणि त्यांतील पुष्कळ जण स्वतः सभासदच असतात. नळजोडणी, विजेची दुरुस्ती यांसारख्या कामांसाठी संस्थेने पारखून घेतलेले कारागीर असतात व त्यांचे पैसे सभासद देतो. एकट्या वृद्ध स्त्रीला अनोळखी माणसास घरात घेण्याची जी भीती वाटते ती त्यामुळे उरत नाही. याशिवाय मिळून फिरावयास जाणे, व्याख्याने ऐकणे, एकत्र जेवणे हे चालतेच. किंबहुना काही सभासदांना दिवा बदलून मिळण्यापेक्षा याचीच गोडी अधिक असते. कारभार सभासदांनी निवडलेल्या मंडळाच्या हाती असतो. जे सेवा घेतात तेच मालक, हा या योजनेचा कणा होय.

२००६ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्रात या संस्थेची हकीकत छापून आली आणि ठिकठिकाणचे लोक चौकशी करू लागले. २०१० साली अशा संस्थांचे एक देशव्यापी मंडळ स्थापन झाले. आज अमेरिकेत अशी दोनशेहून अधिक ‘गावे’ आहेत. त्यांच्यावर टीकाही होते, आणि ती रास्त आहे. वर्गणी देणे ज्यांना परवडते असे मध्यमवर्गीय लोकच या संस्थांत अधिक दिसतात. ज्याला साहाय्याची सर्वांत अधिक गरज, तोच पुष्कळदा बाहेर राहतो. कमी उत्पन्नाच्या सभासदांस वर्गणीत सवलत देऊन बीकन हिलकरांनी ही उणीव काही अंशी भरून काढण्याचा यत्न केला आहे.

वेळपेढीचीही एक नाजूक बाजू आहे. पैशांच्या पेढीवर सरकारची देखरेख असते. आज जमा केलेले तास वीस वर्षांनी मागितले आणि त्या वेळी ती संस्थाच नसली, किंवा तिच्यात काम करणारे तरुण हात उरले नसले, तर काय करावयाचे? हा प्रश्न जपानमध्ये प्रत्यक्षच उभा राहिला, कारण तेथे वृद्धांचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत गणले जाण्याइतके आहे. शेवटी २००० साली जपान सरकारने वृद्धांच्या शुश्रूषेसाठी विम्याची योजना सुरू केली. चाळीस वर्षांवरील प्रत्येक रहिवाशाला तीत हप्ता भरावा लागतो. अंघोळ घालणे, अंथरुणावरील माणसाची नियमित निगा राखणे ही कामे तेव्हापासून शिकलेल्या व पगारी माणसांकडे मोठ्या प्रमाणावर गेली. हे योग्यच झाले. अशक्त माणसाला उचलताना पाठ कशी ठेवावी हे ज्याला शिकवलेले नाही, तो त्यालाही पाडील आणि स्वतःही पडेल. औषधे देणे, जखम बांधणे, पैशांचे व्यवहार करणे ही कामे केवळ सद्भावनेवर सोपवू नयेत.

परंतु शेजाऱ्यालाही शिकवता येते, हे आपल्या देशातील केरळ राज्याने दाखवून दिले. तेथे कोळिकोड येथे १९९३ साली असाध्य रोग्यांच्या वेदना कमी करण्यासाठी एक संस्था डॉक्टरांनी स्थापन केली. काही वर्षांत त्यांच्या ध्यानात आले, की रोगी कायमचा घरी पडून असताना रुग्णालयातील डॉक्टर त्याला फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून पुढे मलप्पुरम जिल्ह्यात व इतरत्र वस्तीवस्तीतून स्वयंसेवक जमवण्यात आले. आठवड्यातून निदान दोन तास देण्याची तयारी, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. त्यांना रीतसर प्रशिक्षण देण्यात आले. विद्यार्थी, शेतकरी, दुकानदार असे सर्व प्रकारचे लोक त्यांत आले. परिचारिका घरी जाऊन शुश्रूषा करी. शेजारचा स्वयंसेवक त्या घरात तांदूळ आहे की नाही, मुले शाळेत जातात की नाही, हे पाही. २००८ साली केरळ सरकारने या कामासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि ग्रामपंचायतींना त्यात भाग दिला. येथे तासांची वही नाही आणि परतफेडही नाही. कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडून काही परत घेण्याची वेळ निघून गेलेली असते.

महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत व पुष्कळ मोठ्या गावांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. त्यांचे सभासद एखाद्या बागेत किंवा मंदिराच्या सभामंडपात जमतात, वाढदिवस साजरे करतात, व्याख्याने ठेवतात, सहली काढतात. प्रत्येकाचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली वही त्यांच्याजवळ असतेच. अशा वहीत आणखी दोन रकाने आखता येतील: एक ‘काय हवे’ याचा आणि दुसरा ‘काय देता येईल’ याचा. पहिला रकाना लाजतलाजत भरला जाईल. दुसऱ्यात मात्र प्रारंभी बरेच जण ‘काही नाही’ असेच लिहितील. मग चिटणिसाने त्यांच्या शेजारी बसावे आणि आपण इतकी वर्षे कोणता व्यवसाय केला, असे सहज विचारावे. थोड्या वेळाने त्या रकान्यात नोंदी होऊ लागतील: शिवणयंत्राची दुरुस्ती, मोडी कागद वाचून देणे, सहावी-सातवीचे गणित, उन्हाळ्यात पापड लाटावयास शिकवणे, सकाळी सात वाजता एकट्या राहणाऱ्या चौघांना दूरध्वनी करणे.